फाटकाला तेल घालायचं नाही

तुमच्या आईने फोनवर सांगितलं की तुम्ही दोघं हल्ली रोज संध्याकाळी एका बाहुलीला पायऱ्या चढवत बसता, आणि तो खेळ आजीच्या भाडेकरूने केलाय हे सांगितलं तर तुमच्या शाळेत कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा सोपं लिहीन. अडेल तिथे आईला विचारा.

ते आपल्या वरच्या मजल्यावर राहत होते, म्हणून आम्ही त्यांना ‘वरचे’ म्हणायचो. इथेही तेच म्हणते. स्वतःचं नाव कुठे छापलेलं त्यांना आवडत नाही. त्या खेळाच्या शेवटी नावं येतात ना, नीट बघा. त्यात आपल्या फाटकाचं नाव आहे, त्यांचं नाही.

जागा बघायला आले तेव्हा पाणी किती वेळ येतं, वीज जाते का, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. वर जाऊन खोल्यासुद्धा बघितल्या नाहीत. फाटकाशीच उभे राहून ते उघडायचं, मिटायचं, परत उघडायचं, असं चाललं होतं. एकदा तर कान बिजागरीला लावला. आपलं फाटक तेव्हा फार करकरायचं. आधी बारीक आवाज, मग मधे एक हुंदका आणि शेवटी खण्णकन आपटणं. मी ओशाळून म्हटलं, “उद्याच तेल घालते हं त्याला.”

“नको नको, काकू!” ते जवळजवळ ओरडलेच. “जागा घेतो मी. माझी एकच अट आहे. फाटकाला तेल घालायचं नाही.”

भाडेकरूंनी घातलेल्या पुष्कळ अटी मी ऐकल्या होत्या, पण अशी पहिलीच. “किती दिवस?” मी विचारलं.

“माझा खेळ बाहेर पडेपर्यंत.”

मला वाटलं, महिना-दोन महिने. म्हटलं, आय्तु, ठीक आहे. मी जन्मभर विम्याच्या कचेरीत काम केलं, मुदत न विचारता कुठल्याही कागदाला हात लावला नाही, आणि इथे मात्र तोंडी हो म्हणून बसले. पुढे कितीतरी दसरे ते फाटक रडत राहिलं.

ते मूळचे सांगलीचे. पुण्यात मोठ्या कंपनीत होते, मग म्हैसूरच्या एका कंपनीत आले, आणि इथे आल्यावर नोकरी सोडून घरी बसून एकटेच कॉम्प्युटरवरचा खेळ करू लागले. चाळिशीचे, अंगाने बारीक, भर मे महिन्यात कानटोपी घालणारे. का, तर पंख्याचा आवाज कानात गेला की बाकीचे आवाज ‘मळतात’. खेळात लागणारे सगळे आवाज ते खरे टिपायचे. शेजारच्या सरोजम्मांना त्यांनी एकदा नारळ पुन्हा पुन्हा फोडायला लावले होते. सरोजम्मा मला म्हणाल्या, “एनम्मा, तुमचा तो वरचा माणूस बरा आहे ना? आज घरात नुसतं खोबरंच खोबरं!” आठवडाभर त्यांच्याकडून आपल्याकडे खोबऱ्याच्या वड्या येत होत्या.

काहीही विचारलं तरी त्यांचं एकच उत्तर असे: “अजून शिजतंय.” खेळ कुठवर आला? अजून शिजतंय. लग्नाचं काय ठरलं? अजून शिजतंय. एकदा मी विचारलं, भात झाला का, तर म्हणाले, “तो झाला.”

आणखी एक सवय सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावर बेतलेली आहे. ते कुणाच्या आधी काही घेत नसत, आणि कुणा एकाला आधी मिळालं तर तेही त्यांना सोसत नसे. चहा केला की सगळे कप भरून होईपर्यंत कुणी उचलायचा नाही. मी एकदा गरम म्हणून घोट घेतला, तर त्यांचा चेहरा असा झाला की मी कप परत खाली ठेवला. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसायचे. म्हणायचे, “लहानपणी आमच्याकडे फटाक्यांची पेटी आली की मोठ्या भावाला आधी मिळायची. माझ्यापर्यंत यायची तेव्हा तिच्यात फक्त वाती.” ते हसत सांगायचे, पण दर दिवाळीला सांगायचे.

तोवर त्यांच्याकडे नुसता फाटकाचा आवाज होता. खेळाची कल्पना त्यांना आपल्या दिवाणखान्यात सुचली. दसऱ्यात आपल्याकडे पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या ठेवतात, गल्लीतली मुलं बघायला येतात, हे तुम्ही लहानपणी पाहिलंय. सर्वांत वर लाकडाचे राजा-राणी, माझ्या आईने मला लग्नात दिलेले. दरवर्षी एक तरी नवी बाहुली आणायची, असा रिवाज. वरचे पहिल्या दसऱ्याला खालच्या पायरीपाशी मांडी घालून बसले आणि म्हणाले, “काकू, ही नवी आलेली इथे कुणाला ओळखते?”

“अय्यो, मातीची बाहुली ती, तिला काय ओळखायचंय?”

“तेच तर,” ते म्हणाले, आणि वर निघून गेले. खेळ तोच. एक बाहुली टोपलीतून नव्या घरी येते, फाटक करकरतं, आणि मग तिने एकेका बाहुलीपाशी बसून, तिची हकीकत ऐकून, पायऱ्यांवर आपली जागा शोधायची. मारामारी नाही, बंदुका नाहीत. मी विचारलं होतं, हे खेळणार कोण? त्यांनी संगणक फिरवून दाखवला. जगभरातल्या कितीतरी लोकांनी ‘आला की आम्हाला कळवा’ म्हणून नाव नोंदवून ठेवलं होतं. थोरल्या, त्यात तूही होतास.

आता यातलं दुकानांचं प्रकरण मला जसं समजलं तसं लिहिते. तुम्हाला ते माहीत आहे, पण तुमच्या आईला नसेल. हे खेळ इंटरनेटवरच्या दुकानांतून मिळतात. एक मोठं, जुनं दुकान आहे. बहुतेकांचे सगळे खेळ तिथेच, मित्रही तिथेच. वरच्यांनी आपला खेळ तिथे येणार असं दोन वर्षांपूर्वीच जाहीर केलं होतं, आणि लोकांनी नावं नोंदवली ती तिथेच. मग एका नव्या दुकानाने त्यांना विचारलं: पहिलं वर्षभर खेळ फक्त आमच्याकडे ठेवा, त्याबद्दल आम्ही तुम्हाला आधीच पैसे देतो, खप होवो न होवो.

ते कागद घेऊन खाली आले. मी चष्मा लावून सगळं वाचलं. इंग्रजी स्वच्छ होतं, फसवणूक काही नव्हती. विक्रीला आल्या दिवसापासून बारा महिने, मग मोकळे.

“चांगलं आहे की,” मी म्हटलं. “तोंड का उतरलंय?”

“काकू, समजा तुमची ती कुरकुरीत तळलेली निप्पट्टं मी रस्त्यापलीकडच्या दुकानात ठेवतो म्हणून सगळ्या गल्लीला सांगितलं. लोक तिथे वाट बघत उभे राहिले. आणि ऐन वेळी मी ती दुसऱ्याच दुकानात ठेवली. पलीकडच्यांना सांगितलं, वर्षभराने या.”

“मग लोक रागावणारच.”

“रागावणारच ना! काहींना आधी, काहींना वर्षाने. म्हणजे माझ्या भावाची फटाक्याची पेटी झाली ही.”

“मग नाही म्हणा.”

त्यांनी कागदांची घडी घातली आणि परत उलगडली. त्यांचं साठवलेलं सगळं संपलं होतं, हे मला ठाऊक होतं. चित्रं काढणाऱ्या मुलीला आणि संगीतवाल्याला ‘पुढच्या महिन्यात’ म्हणण्याची त्यांना लाज वाटू लागली होती. सांगलीला भावाचं मोटारपंपाचं दुकान होतं, आणि भाऊ दर रविवारी फोन करून तिथलं टेबल रिकामं असल्याचं सांगत असे. नाही म्हटलं तर खेळ अर्धा टाकून त्या टेबलावर जाऊन बसायचं. हो म्हटलं तर खेळ पुरा होणार, पण दिलेला शब्द मोडून.

“सही करा,” मी म्हटलं. “अर्धी बाहुली कुठल्याच दुकानात विकत नाहीत. पण त्या लोकांना तुम्ही स्वतः सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर जन्मात माफ करणार नाहीत.”

त्यांनी सही केली, आणि त्याच दिवशी लोकांना सगळं लिहून कळवलं. का केलं, तेही. शेवटी लिहिलं: ‘या विजयादशमीला खेळ नव्या दुकानात येईल. तुमच्या दुकानात पुढच्या दसऱ्याला, घरमालकीणबाईंच्या बाहुल्या पायऱ्यांवरून उतरायच्या आत. हा माझा शब्द.’ सोबत आपल्या पायऱ्यांचा फोटो.

मग जो शिव्यांचा पाऊस पडला! लोभी, विकला गेलेला, खोटारडा. काही शब्द तर इथे लिहिण्यासारखे नाहीत. वरचे रोज सकाळी झाडांना पाणी घालताना ते मोठ्याने वाचायचे. मी म्हटलं, कशाला वाचता? तर म्हणाले, “बंद खोलीत वाचलं तर डोक्यात राहतं काकू. उघड्यावर वाचलं की उडून जातं.” ज्यांनी सभ्य शब्दांत राग व्यक्त केला त्यांना ते उत्तर द्यायचे. बाकीच्या शिव्या कढीपत्त्याला. ते झाड त्या वर्षी असं फोफावलं की सरोजम्मा कात्री घेऊन येऊ लागल्या.

थोरल्या, तुझाही फोन आला होता. तू म्हणालास, “आजी, तुझा तो वरचा माणूस विकला गेला. मी नाही घेणार त्याचा गेम. माझे सगळे गेम एका जागी आहेत, मी दुसरं दुकान उघडणार नाही.”

मी म्हटलं, “अरे, माझ्या बाहुल्या आहेत त्यात.”

“तुझ्या बाहुल्यांवर माझा राग नाही.”

हे मी त्यांना सांगितलं नाही. भिंती पातळ आहेत, त्यांनी ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी चहा ओतताना त्यांनी एक कप जास्त भरला आणि तो तसाच टेबलावर राहू दिला. “हा तुमच्या नातवाचा,” म्हणाले. तेव्हापासून रोज.

विजयादशमीला खेळ नव्या दुकानात आला. सगळं गाव बन्नीमंटपाला मशालींची कवायत बघायला गेलेलं, आणि हे आपल्या जिन्यावर बसून. ज्यांनी घेतला त्यांनी कौतुक केलं, पण लोक थोडे होते. मी विचारलं, आता तरी फाटकाला तेल घालू? म्हणाले, “अजून सगळ्यांपर्यंत कुठे पोचलंय, काकू? अजून शिजतंय.” आणखी एक वर्ष! मी बरं म्हटलं, पण त्या संध्याकाळी फाटक जरा जोरात आपटलं.

नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं की मी आधी सणवार आणि तुमचे वाढदिवस लाल पेनाने करून ठेवते. ऑक्टोबरचं पान उलटलं आणि माझा हात थांबला. पुन्हा मागच्या वर्षाचं कॅलेंडर काढून बघितलं. मग जिन्याखालून हाक मारली, “अहो, जरा खाली या!”

ते कानटोपीसकट आले.

“तुमचं वर्ष कधी पुरं होतं?”

“दसऱ्याला.”

“कुठल्या तारखेला?”

“दसरा ते दसरा म्हणजे वर्षच की, काकू!”

“ते आपलं वर्ष. त्यांचं नव्हे.” मी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. “तिथी आहे ती. यंदा दसरा गेल्या वर्षीच्या तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येतो. आणि कागदात बारा महिने आहेत.”

आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की दसरा मागेपुढे सरकतो. त्यांनाही कळत होतंच. पण दसऱ्याला सुरू झालेलं वर्ष दसऱ्यालाच संपणार, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं बसलं होतं की तारीख बघायची म्हणून सुचलंच नाही. ते तिथेच फरशीवर बसले. “म्हणजे बाहुल्या उतरतील आणि खेळ येणार नाही. दुसऱ्यांदा शब्द मोडणार मी.”

त्यांनी दुकानाला लिहिलं. उत्तर लगेच आलं, फार सौजन्याचं: सणाच्या शुभेच्छा, पण करार बारा महिन्यांचा आहे. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यानंतर वरच्यांचं जेवण कमी झालं, आवाज टिपणं थांबलं. रविवारी सांगलीचा फोन आला की ते आता लवकर ठेवत नसत, तिकडचं टेबल कसं आहे, उजेड येतो का, असं विचारत. पुढचा खेळ करायचा तर तो घेणारी माणसं हीच, आणि हीच दोनदा फसवली गेली म्हणणार. मग पुढचा खेळ कुठला?

मी दोन दिवस विचार केला आणि त्यांना बोलावलं. “बाहुल्या उतरायच्या आत, असं लिहिलंय ना तुम्ही? मग मी उतरवत नाही.”

त्यांनी मान हलवली. “लबाडी नको, काकू. दसऱ्याला म्हणालो होतो, दसऱ्याला येत नाही. माझी चूक झाली, हेच सांगणार मी.”

“सांगा ना. चूक तुम्ही सांगा. बाहुल्यांचं मी बघते. तुम्ही अर्धा शब्द पाळू शकत नाही, तर उरलेला अर्धा तरी पाळू या.”

तुम्ही मला ओळखता. माझ्या घरात वर्तमानपत्राचीसुद्धा घडी चुकत नाही. विजयादशमीच्या रात्री राजा-राणीला आडवं करून निजवायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बाहुल्या कापडात गुंडाळून पेटीत, हे मी लग्न झाल्यापासून एकदाही चुकवलं नव्हतं. माझ्या आईनेही नव्हतं. त्या दसऱ्याला निजवायची वेळ झाली तेव्हा मी पायऱ्यांपुढे उभी राहिले. राजा-राणीला म्हटलं, थोडे दिवस उभं राहायला लागेल, एका माणसाचा शब्द अडकलाय. आणि दिवा लावून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सरोजम्मा हजर. “एनम्मा, इन्नू गोंबे इळिसिल्वा? अजून बाहुल्या उतरवल्या नाहीत?”

“नाही.”

“दसरा झाल्यावर राजा-राणीला उभं ठेवतात का? पाय दुखणार नाहीत त्यांचे?”

मी सगळं सांगितलं. इंटरनेटवरचं दुकान त्यांना कितपत कळलं कोण जाणे, पण शब्द अडकलाय हे कळलं. म्हणाल्या, “मग उपाशी नका ठेवू बिचाऱ्यांना.” आणि संध्याकाळी हरभऱ्याची उसळ घेऊन आल्या. मग रोजच एक दिवस त्या, एक दिवस मी. गल्लीतली मुलं तर खूशच होती. सण संपला तरी आपल्याकडे खाऊ चालूच!

वरच्यांनी लोकांना लिहिलं: ‘माझी चूक झाली. आमचा सण चंद्रावर चालतो आणि करार सूर्यावर, हे मी विसरलो. दसरा झाला, खेळ यायला अजून काही दिवस आहेत. काकूंनी बाहुल्या उतरवलेल्या नाहीत.’ आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाचं वर्तमानपत्र पायरीला टेकवून फोटो टाकायचे, उसळीच्या वाटीसकट.

सकाळी पाणी घालताना त्यांचा वाचायचा आवाज बदलला. पहिल्यांदा मला वाटलं ते रडतायत. बाहेर येऊन बघते तर हसत होते. कुणीतरी लिहिलं होतं, ‘वर्षभर मी याला लबाड समजत होतो. हा तर नुसता वेंधळा आहे.’ कुणी विचारलं होतं, राजाच्या पायाला कसं आहे? कुणी उसळीची कृती मागितली होती. ज्या माणसाने सर्वांत घाण शिवी दिली होती, त्याने लिहिलं, ‘त्या बाईंना सांगा, बसून घ्या म्हणावं.’ कढीपत्त्याला त्या दिवशी नुसतंच पाणी मिळालं.

करार संपला त्या संध्याकाळी आम्ही तिघं पायऱ्यांपुढे बसलो. सरोजम्मा, मी, आणि मांडीवर संगणक घेतलेले वरचे. त्यांनी आधी चहा केला. सगळे कप भरले, एक जास्तीचाही. मग बटण दाबलं आणि म्हणाले, “झालं. आता सगळीकडे.” पण कप काही उचलेनात. आम्हीही उचलले नाहीत. चहावर साय धरली. सरोजम्मा माझ्या कानात म्हणाल्या, “सुम्निरी, गप्प बसा, देवाचं काहीतरी असेल.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. थोरल्या, तू ‘हॅलो’सुद्धा म्हणाला नाहीस.

“आजी! तुझं फाटक वाजतंय! इथे, माझ्या खोलीत!”

मी फोन त्यांच्यापुढे धरला. तू पुन्हा पहिल्यापासून लावलंस, आणि तिकडून, इतक्या लांबून, आपलं फाटक करकरलं. बारीक आवाज, हुंदका, खण्ण. वरच्यांनी कानटोपी काढली. केस सगळे चपटे झालेले. आणि मग त्यांनी कप उचलला आणि गार चहा एका दमात पिऊन टाकला.

आता ते आपल्याकडे राहत नाहीत. पुढच्या खेळासाठी बोगादीला जागा घेतलीय. सांगलीचं ते टेबल भावाने शेवटी विकून टाकलं. बोगादीच्या मालकांचा मला परवा फोन आला, हा माणूस ठीक आहे ना म्हणून. पाण्याचा पंप दुरुस्त करू देत नाही म्हणे. मी म्हटलं, अगदी ठीक आहे, फक्त मुदत आधी विचारून घ्या.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. चहा झाल्यावर त्यांनी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली मागितली आणि फाटकाकडे गेले. सरोजम्मा वाट्या गोळा करून घरी गेल्या. मी राणीला खाली घेतलं, मग राजाला. दोघांना पाटावर शेजारी शेजारी निजवलं आणि वरून माझ्या आईच्या पातळाचा तुकडा घातला. वळले, तर दारात सरोजम्मा उभ्या. मी दचकले. त्या परत कधी आल्या, मला कळलंच नव्हतं.

“निजले?” त्यांनी हळू विचारलं.

“निजले,” मी म्हटलं.